बिल भरायला विहिरीचं शेत विकू का?

प्रश्न : वय 36, पुण्यात खासगी कंपनीत नोकरी. पगार 29,000, हातात 26,500. बायको, सहा वर्षांची मुलगी, घरभाडं 8,500. आई-वडील गावी, करमाळा तालुक्यात. वडील 63 वर्षांचे. मेंदूत रक्तस्राव झाल्यामुळे त्यांना पुण्यात एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात आणलं, ऑपरेशन झालं. आता ते आयसीयूतून वॉर्डात आलेत, पण बोलणं नीट समजत नाही आणि उजवा हात-पाय हलत नाही. बिल 7,40,000 झालं. त्यातले 2,90,000 भरले (बचत 1,10,000, मित्रांकडून 80,000, क्रेडिट कार्डावर 1,00,000). बाकी 4,50,000. काउंटरवर सांगतात, पूर्ण पैसे भरल्याशिवाय डिस्चार्ज नाही आणि तुमची केस योजनेत बसत नाही. तिथेच एक फायनान्सवाले 16 टक्क्यांनी तीन वर्षांसाठी कर्ज देतायत. गावातला एकजण महिना 3 टक्क्यांनी देतो म्हणतो. वडिलांच्या नावावर दोन एकर आहे. त्यातल्या विहिरीच्या एकराचे चुलते 9 लाख द्यायला तयार आहेत, रविवारी इसार देतो म्हणतात. आईचे साडेचार तोळे सोनं आहे. शेत विकून मोकळा होऊ का?

उत्तर : नमस्कार. सर्वांत आधी रविवारचं सांगतो, कारण तेवढंच घाईचं आहे. इसार घेऊ नका.

सातबारा वडिलांच्या नावावर आहे, म्हणजे विकायचा अधिकार त्यांचा आहे, तुमचा नाही. ज्या माणसाच्या मेंदूचं नुकतंच ऑपरेशन झालंय आणि ज्याचं बोलणं समजत नाही, त्याचा अंगठा घेऊन केलेलं खरेदीखत किंवा मुखत्यारपत्र उद्या कोर्टात टिकणं अवघड. जमीन वडिलोपार्जित असेल तर 2005 च्या दुरुस्तीनंतर त्यात तुमच्या बहिणीचाही हिस्सा आहे, बहीण असेल तर. इसारपावतीवर सही करून पैसे हॉस्पिटलात भरले आणि पुढे खरेदीखतच होऊ शकलं नाही, तर चुलत्यांचे ते पैसे परत करायचे कुठून? चुलते वाईट हेतूनेच विचारतायत असं मी म्हणत नाही. पण गरजवंताच्या जमिनीला कधी पूर्ण भाव मिळत नाही, आणि दोन एकरांतला पाण्याचा एकर गेल्यावर उरलेल्या जिरायत एकरात आई-वडिलांचं भागणार नाही. वडील आता पूर्वीसारखे राबू शकतील का, हेही अजून कळायचंय.

आता कर्जाकडे वळू. हॉस्पिटलचे जे 4,50,000 बाकी आहेत, त्यांवर आज व्याज चालू नाही. शिवाय समोर एक माणूस बसलाय, ज्याच्याशी बोलून हा आकडा कमी होऊ शकतो. फायनान्सवाल्याच्या कागदावर सही केली की हॉस्पिटलचे पैसे त्याच दिवशी चुकते होतात आणि रक्कम कमी करून घ्यायचा विषय तिथेच संपतो. मग तुमच्याकडे उरतो महिना सुमारे 15,800 चा हप्ता, तीन वर्षं. म्हणजे एकूण 5,70,000 च्या आसपास. तुमच्या हातातल्या 26,500 मधून भाडं आणि हा हप्ता वजा केला तर घर चालवायला 2,200 रुपये राहतात. हे होणारच नाही. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात हप्ता थकेल आणि मग वसुलीवाल्यांचे फोन सुरू होतील. गावातल्या माणसाचे 3 टक्के ऐकायला किरकोळ वाटतात, पण 4,50,000 वर ते महिना 13,500 नुसतं व्याज आहे, मुद्दल तसंच. राज्याच्या 2014 च्या सावकारी कायद्यानुसार परवान्याशिवाय सावकारी करणं गुन्हा आहे, आणि परवाना असलेल्यालाही एवढं व्याज लावता येत नाही. त्या दारात जाऊ नका.

म्हणून पैसे कुठून आणायचे हा प्रश्न दोन-चार दिवस बाजूला ठेवा. आधी हे बिल खरंच तुम्ही 7,40,000 भरायचं आहे का, ते बघू.

तुम्ही ओझरतं लिहिलंय की हॉस्पिटल ट्रस्टचं आहे. माझ्या दृष्टीने तुमच्या पत्रातली हीच सगळ्यात मोलाची गोष्ट. डिपॉझिट भरल्याची पावती काढा. तळाशी बारीक अक्षरांत ट्रस्टचा नोंदणी क्रमांक असेल. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याचं कलम 41 कक आणि त्याखाली मुंबई उच्च न्यायालयाने 2006 मध्ये मंजूर केलेली योजना धर्मादाय रुग्णालयांना लागू आहे. त्यानुसार 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवाव्या लागतात. त्यासाठी हॉस्पिटलने आपल्या एकूण बिलांच्या 2 टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत, म्हणजे आयपीएफमध्ये, जमा करायची असते. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 1,80,000 पर्यंत असेल तर निर्धन, 3,60,000 पर्यंत असेल तर दुर्बल घटक.

तुमचा पगार वर्षाला 3,48,000 होतो. शेतीचं उत्पन्न मिळवलं तर तुम्ही दुर्बल घटकाच्या रेषेवर येता. पण आई-वडील वेगळे राहतात. त्यांचं रेशनकार्ड गावी वेगळं असेल, त्यावर तुमचं नाव नसेल, तर त्यांच्या कुटुंबाचं उत्पन्न वेगळं धरलं जाऊ शकतं आणि मग ते निर्धनमध्येही बसतील. इथे काही लपवायचं नाही. वेगळं राहतो, वेगळं कार्ड आहे, बिल मात्र मी भरतोय, असं सरळ सांगा. ठरवू दे त्यांना. निर्धन धरलं तर उपचार मोफत. दुर्बल धरलं तर दर सवलतीचा, औषधं आणि साहित्य हॉस्पिटलच्या खरेदी किमतीला, आणि त्यातली किमान निम्मी रक्कम तुम्ही भरायची. एवढ्यानेही लाखांत फरक पडतो.

कॅश काउंटरवर हे विचारू नका. तिथला माणूस पैसे घ्यायला बसलाय. मेडिकल सोशल वर्करची खोली शोधा, बहुतेक ठिकाणी ती कोपऱ्यात कुठेतरी असते, आणि अर्ज लेखी द्या. दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या. "दाखल करताना सांगायला हवं होतं", "निधी संपला" ही उत्तरं येतील. नकार असेल तर तोही लेखी द्या म्हणा, आणि तो कागद घेऊन पुण्यातल्या धर्मादाय सहआयुक्त कार्यालयात जा. माझा अनुभव असा की लेखी नकार द्यायची वेळ आली की पुष्कळदा वरिष्ठांना फोन लागतो. आणि हो, गावाकडून कोणालातरी आजच सेतू केंद्रात पाठवा. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला नसेल तर यातलं काहीही पुढे सरकणार नाही, आणि तलाठ्याच्या अहवालासाठी दोन चकरा होतातच.

"योजनेत बसत नाही" हे तुम्हाला कोण म्हणालं? महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचं उत्तर आरोग्यमित्राने, म्हणजे हॉस्पिटलात योजनेचं काम बघायला नेमलेल्या माणसाने, द्यायचं असतं. जुलै 2024 पासून ही योजना कुठल्याही रंगाचं रेशनकार्ड असलेल्यांना आहे आणि कुटुंबाला वर्षाला 5,00,000 पर्यंत संरक्षण आहे. अडचण एवढीच की हॉस्पिटल योजनेत असावं लागतं, त्या आजारासाठी असावं लागतं, आणि मंजुरी उपचाराआधी घ्यायची असते. भरलेले पैसे मागाहून परत मिळत नाहीत. म्हणजे झालेल्या ऑपरेशनसाठी बहुधा उशीर झाला. पण 155388 वर फोन करून विचारा. पुढच्या उपचारांसाठी योजनेतल्या हॉस्पिटलात किंवा ससून या सरकारी रुग्णालयात हलवता येईल का, हे न्यूरोसर्जनना थेट विचारा. वॉर्डातला रोजचा मीटर थांबला तर तोही फायदाच.

मुख्यमंत्री सहायता निधीचंही तसंच. उत्पन्नाची मर्यादा 1,60,000, पैसे थेट हॉस्पिटलच्या खात्यात जातात, आणि रुग्ण घरी गेल्यावर अर्ज चालत नाही. दाखल असल्याचा जिओ टॅग केलेला (ठिकाणाची नोंद असलेला) फोटो मागतात, तो वॉर्डात उभं राहून आजच काढून ठेवा. सिद्धिविनायक मंदिर न्यास, टाटा ट्रस्ट्स हेही रुग्णांना मदत करतात, पण सगळ्यांना हवं असतं ते न भरलेलं बिल किंवा खर्चाचा अंदाज. शेत विकून सगळं भरून टाकलं असतं, तर ही सगळी दारं तुम्ही स्वतःच्या हाताने बंद केली असती.

आता बिल. एक पानी समरी नको, तारीखवार तपशीलवार बिल मागा. तो तुमचा हक्क आहे. ते घेऊन घरी एका रात्री बायकोसोबत बसा. आयसीयूचा दिवसाचा दर लावलाय आणि मॉनिटर, नर्सिंग वेगळं लावलंय का? ज्या दिवशी दुपारी वॉर्डात आणलं, त्या दिवसाचे आयसीयू आणि वॉर्ड दोन्ही लागलेत का? एकाच डॉक्टरांच्या एका दिवसात तीन व्हिजिट आहेत का? न वापरलेली इंजेक्शनं परत दिली असतील तर ती मेडिकलच्या हिशोबातून वजा झालीत का? दिवसाला 5,000 पेक्षा महाग खोलीवर 5 टक्के जीएसटी लागतो, आयसीयूवर लागत नाही. राज्याच्या 2021 च्या शुश्रूषागृह नियमांनुसार मुख्य दरांचा फलक हॉस्पिटलने लावायचा असतो. त्याचा फोटो घेऊन ताडून बघा. भांडायला जाऊ नका. पेन्सिलने खुणा केलेलं बिल घेऊन बिलिंग मॅनेजरकडे बसा आणि विचारा. त्यानंतर सवलत मागा. एकरकमी काही भरत असाल तर सवलत जास्त मिळते, म्हणून हातातली रक्कम त्या बैठकीआधी उडवू नका.

डिस्चार्जचं म्हणाल, तर बिलाच्या वादावरून रुग्णाला अडकवून ठेवता येत नाही. केंद्राने स्वीकारलेल्या रुग्ण हक्कांच्या सनदेत ते स्पष्ट आहे, उच्च न्यायालयांनीही सांगितलंय. याचा अर्थ बिल माफ झालं असा नाही. बाकी राहते आणि हॉस्पिटल दिवाणी दावा करू शकतं. म्हणून "इतकी रक्कम बाकी आहे, दरमहा इतके देईन" असं हमीपत्र द्या. ते देताना पुढच्या तारखांचे चेक मागतील. इथे फार सांभाळा. चेक बाउन्स झाला की साधी उधारी राहत नाही, निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम 138 खाली फौजदारी केस होते, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा रकमेच्या दुपटीपर्यंत दंड किंवा दोन्ही. "नुसता सिक्युरिटी म्हणून ठेवतो" असं सांगून घेतलेला कोरा चेकही बँकेत टाकला जातो. जो हप्ता डोळे मिटून जाईल तेवढ्याचेच चेक द्या, कोरा एकही नको.

आता पैसे. आईचं सोनं मोडू नका, राष्ट्रीयीकृत किंवा चांगल्या सहकारी बँकेत गहाण ठेवा. 2,00,000 सहज मिळतील, साधारण 10 टक्क्यांच्या आसपास, म्हणजे महिना 1,700 व्याज. त्यातले 1,00,000 आधी क्रेडिट कार्डावर भरा. कार्डाचं व्याज महिना साडेतीन टक्क्यांपर्यंत जातं, तिथे रोज नुकसान चाललंय. उरलेले 1,00,000 हॉस्पिटलसाठी. सोनेतारण वर्षाने नूतनीकरण करावं लागतं, व्याज थकवलं तर लिलाव होतो, हे आईलाही सांगा. दागिने तिचे आहेत. पीएफमधून आजारपणासाठी आगाऊ रक्कम मिळते, पोर्टलवर अर्ज करा. कंपनीच्या एचआरला दोन गोष्टी विचारा: ग्रुप मेडिक्लेममध्ये आई-वडील आहेत का (असतात आणि माहीत नसतं, असं मी पुष्कळदा बघतो), आणि पगारातून फिटणारा बिनव्याजी अॅडव्हान्स मिळेल का. मित्रांना फोन करून सांगा की सहा महिने थांबा. ते थांबतील. मुलीच्या नावाने काही ठेवलं असेल तर त्याला हात लावू नका.

समजा सवलती धरून बाकी 3,00,000 वर आली. सोन्याचे 1,00,000, पीएफ आणि अॅडव्हान्स मिळून आणखी 1,00,000, उरलेले 1,00,000 महिना 4,000 प्रमाणे. भाडं, हा हप्ता आणि सोन्याचं व्याज जाऊन घरात 12,300 राहतात, अॅडव्हान्स कापला जात असेल तोवर त्याहून कमी. ओढाताण होईल, नाही असं नाही.

शिवाय घरी आल्यावरचा खर्च कोणी धरत नाही. फिजिओथेरपी, औषधं, डायपर, हवेच्या गादीचा बेड, पहिले दोन-तीन महिने एखादा मदतनीस. पक्षाघातानंतर सुरुवातीच्या महिन्यांत व्यायाम चुकला तर हात-पाय परत येण्याची शक्यता कमी होते. त्यासाठी 50,000 रुपये वेगळे ठेवा, हॉस्पिटलने कितीही आग्रह केला तरी त्यातून देऊ नका. बेड आणि व्हीलचेअर विकत घ्यायची गरज नाही, अनामत ठेवून देणाऱ्या संस्था पुण्यात आहेत.

आणि शेत? यंदा ते खंडाने द्या, अकरा महिन्यांच्या लेखी करारावर; वडील सही करू शकत नसताना त्यावर सही कोणाची चालेल, ते आधी वकिलाला विचारा. चुलत्यांनाच विचारा. त्यांना खरंच मदत करायची असेल तर विहिरीच्या एकराचा वर्षाचा खंड ते आगाऊ देतील. वर्षभरानंतर वडील सही करण्याइतके बरे झाले आणि तरीही देणं उरलं, तर जिरायत एकरातल्या काही गुंठ्यांचा विचार बहिणीला सोबत घेऊन करा. तुकडेबंदीची मर्यादा तलाठ्याकडून आधी विचारून घ्या. रविवारी चुलते आले की त्यांना चहा द्या आणि सांगा, सातबारा वडिलांच्या नावावर आहे, ते बोलायला लागले की त्यांनाच विचारू. तपशीलवार बिल हातात आलं की मला पाठवा.