विश्रामबागेत भाडेकरू आणि गावभागात तुम्ही, असं कशाला?

सांगलीच्या गावभागातून, म्हणजे नदीकाठच्या जुन्या वस्तीतून, एका ताईंचं पत्र आलंय. वय 61, मिस्टर 64, शिक्षक म्हणून रिटायर, पेन्शन महिना 38 हजार, मुलगा पुण्यात. फंड, ग्रॅच्युइटी आणि गावाकडची जमीन विकून आलेले असे 70 लाख बँकेत आहेत. सांगलीतच विश्रामबागेत 60 लाखाचा फ्लॅट बघितलाय, भाड्यानं द्यायला घ्यावा का? तिथं पूर येत नाही, डॉक्टर-प्राध्यापकांची वस्ती आहे, पाच वर्षात दुप्पट होईल असं एजंट म्हणतो, भाडं 15 हजार येईल आणि त्यातून 'बँकेतल्या मॅडमनी करून दिलेल्या एफडीसारख्या योजनेचा' वर्षाला 2 लाखाचा हप्ता भरता येईल. आणि शेवटी सहज लिहिल्यासारखी एक ओळ: 2019 ला घरात छातीएवढं पाणी होतं, सहा लाख गेले, 2021 ला परत तेच, विमा काढलेला नाही.

ताई, तुमचं पत्र मी खालून वर वाचलं. फ्लॅटचं नंतर बघू.

पूर येत नाही म्हणून तुम्ही विश्रामबाग निवडली, बरोबर आहे, पण तिथं राहणार भाडेकरू आणि तुम्ही दोघं गावभागातच, तळमजल्यावर. म्हणजे 60 लाख खर्चून कोरड्यात कोण राहणार? कृष्णेवरच्या आयर्विन पुलावर धोक्याची पातळी 45 फूट, 2019 ला पाणी 57 फुटाच्या वर गेलं, 2021 ला 54 च्या पुढं, आणि 2005 चं तुम्हाला सांगायची गरजच नाही. सांगलीत स्वतःचा पाऊस तसा कमीच, पाणी येतं ते महाबळेश्वरकडून, कोयनेकडून आणि हरिपूरला मिळणाऱ्या वारणेकडून, त्यामुळं आपल्या अंगणात ऊन पडलेलं असलं तरी पुलाखाली पाणी चढत असतं. सत्तरीत सरांना बोटीतून बाहेर काढायची वेळ येऊ नये एवढंच माझं म्हणणं आहे.

त्यामुळं पहिलं काम विम्याचं, आणि ते पावसाळ्याआधी. 2021 पासून सगळ्या जनरल इन्शुरन्स कंपन्यांकडं 'भारत गृह रक्षा' नावाची एकाच नमुन्याची पॉलिसी मिळते, पूर त्यात धरलेला आहे. विमा जागेच्या बाजारभावाचा काढायचा नसतो, परत बांधायच्या खर्चाचा काढायचा. 1200 स्क्वेअर फूट गुणिले 2000 धरा, 24 लाख. घरातल्या सामानाला त्याच्या 20 टक्के, म्हणजे पावणेपाच लाखाचं संरक्षण आपोआप मिळतं. दागिने आणि रोकड त्यात येत नाही. जुनं घर आहे, भिंती मातीच्या असतील तर फॉर्ममध्ये तसंच लिहा, लपवू नका, नाहीतर क्लेमच्या वेळी तेच बोट दाखवतील. प्रीमियम वर्षाला काही हजारांच्या आतच बसेल, आणि तुमचे दोन पुरात किती गेले ते तुम्हीच लिहिलंय.

आता ती योजना. ती एफडी नाही, दहा वर्ष हप्ते भरायची विमा पॉलिसी आहे. तुम्ही पाठवलेल्या कागदाप्रमाणे 20 लाख भरायचे आणि मग बाराव्या वर्षानंतर दहा वर्ष 3 लाख 30 हजार घ्यायचे, म्हणजे पैसे हातात येणार तुमच्या 73 ते 82 व्या वर्षात, आणि हिशोब केला तर वर्षाला सव्वाचार टक्क्याच्या आसपास सुटतात. पेन्शनवर घर चालवणाऱ्या माणसाला एफडीसारखी म्हणून असली पॉलिसी विकणं मला अजिबात पटत नाही, राग येतो. आणि 15 हजाराने वर्षाचं भाडं होतं 1 लाख 80 हजार, त्यात 2 लाखाचा हप्ता बसतच नाही! कागदपत्रं हातात आल्यापासून 30 दिवसात पॉलिसी परत करता येते, किरकोळ कापून पैसे मिळतात. तुम्ही लिहिलंय मागच्या आठवड्यात पॉलिसीचं पुस्तक आलं, म्हणजे अजून वेळ आहे. अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या, मॅडम थांबा म्हणाल्या तरी थांबू नका.

फ्लॅट. 60 लाख, वर मुद्रांक शुल्क-नोंदणी-किरकोळ काम धरून 65. वर्षात एक महिना रिकामा, मेंटेनन्स, घरपट्टी, रंगरंगोटी वजा करता हातात सव्वा-दीड लाख, म्हणजे दोन टक्के. पाच वर्षात दुप्पट व्हायला दरवर्षी 14-15 टक्के वाढ लागते, ती कुठून येणार? 2001 ते 2011 मध्ये जिल्ह्याची लोकसंख्या 9 टक्क्यांनी वाढली, राज्याची 16 टक्क्यांनी. शेवटची झालेली जनगणना तीच, आकडे जुने आहेत, पण तुमचा मुलगाच पुण्यात आहे ना? विश्रामबागेत वालचंद, विलिंग्डन कॉलेजची पोरं आणि डॉक्टर लोक आहेत, भाडेकरू मिळेल, भाव दुप्पट होईल असं मात्र मला कुठंच दिसत नाही. शिवाय विश्रामबाग म्हणून जे विकतात ते सगळंच उंचावर असतं असं नाही, महापालिकेत जाऊन पूररेषेचा नकाशा बघितल्याशिवाय टोकन सुद्धा देऊ नका.

मी काय करीन सांगतो. तुम्ही आणि सर दोघांच्या नावे प्रत्येकी 30 लाख पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत, 8.2 टक्क्याने वर्षाला 4 लाख 90 हजार, दर तिमाहीला खात्यात जमा. नवीन करप्रणालीत तुमच्या दोघांच्या उत्पन्नावर कर लागत नाही. मग विश्रामबागेत तुम्हीच 15 हजाराने भाड्याने राहा, लिफ्ट असलेल्या बिल्डिंगमध्ये, दवाखाना जवळ बघून. 1 लाख 80 हजार भाडं देऊन सुद्धा 3 लाख उरतात आणि पेन्शन वेगळी. उरलेले 10 लाख बँकेत मोकळे ठेवा, आजारपणाला. गावभागातलं घर विकायची घाई नको, सरांचा त्यात जीव असणार, कुलूप लावून विमा उतरवून ठेवा, मात्र बंद घर आहे हे विमा कंपनीला आधी लेखी कळवा.

पॉलिसी परत करायचा अर्ज मात्र उद्याच.