मे महिन्यात जळगावहून मुलांना घेऊन डोंगरात एका दिवसाची सहल होईल का? तोरणमाळ जमेल?

ताई, तुम्ही लिहिलंय की मे महिन्यात आठ दिवस जळगावला माहेरी येताय, दोन मुलं बरोबर आहेत, आणि सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येईल असं डोंगरातलं ठिकाण हवंय. इथवर ठीक. पण शेवटी तुम्ही विचारलंय, "की खान्देशात उन्हाळ्यात घराबाहेर पडणंच वेडेपणा आहे?" या एका ओळीसाठी मी उत्तर लिहायला बसलोय. हेच वाक्य गेली सहा वर्षं मी आमच्या साडूंच्या तोंडून दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ऐकतो.

वेडेपणा बाहेर पडण्यात नाही, नऊ वाजता बाहेर पडण्यात आहे.

माझी सासुरवाडी अडावदची, चोपडा तालुका. आखाजीला दोन्ही बहिणी माहेरी, त्यामुळे आम्ही दोन्ही जावईही तिथेच. साडू पुण्याचे, वयाने मोठे आणि थोरले जावई. त्या घरात थोरल्या जावयाच्या शब्दापुढे कुणी बोलत नाही, सासरेसुद्धा नाहीत. आखाजीच्या रात्री अंगणात झोक्याजवळ बसलो असताना दुसऱ्या दिवशी सातपुड्यातल्या तोरणमाळला जायचं ठरलं, मुक्कामाला. मी म्हणालो, पहाटे चारला निघू. ते म्हणाले, "सुट्टीवर आलोय, चारला कोण उठतं? गाडीला एसी आहे." विषय संपला. सासूबाई मात्र तीनला उठल्या, दशम्या केल्या, कैरीचं पन्हं केलं, माठातलं पाणी कॅनमध्ये भरून दारात ठेवलं. तो कॅन पाच तास तिथेच होता. अंघोळी झाल्या, पोहे झाले, दुसरा चहा झाला. सव्वानऊला आमच्या दोन गाड्या हलल्या.

शिरपूर सोडलं तेव्हाच रस्त्यावर पाणी दिसायला लागलं, म्हणजे मृगजळ. शहाद्याला पोहोचायला साडेबारा झाले. तिथे मुलांनी थंड पेयं घेतली, दशम्या गाडीतच राहिल्या. म्हसावद, राणीपूर करत घाटाला लागलो तेव्हा दीड वाजून गेला होता. पुढे साडूंची गाडी, त्यात पाच माणसं, वर कॅरिअरला बॅगा, एसी पूर्ण. मागे माझी जुनी गाडी, काचा खाली, एसी बंद. घाटात पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये गाडी हळू चढते, समोरून वारा लागत नाही आणि इंजिन मात्र सगळा जोर लावत असतं. त्यात एसीचा भार आणि बाहेरची हवा आधीच भाजणारी. रेडिएटरने उष्णता टाकायची कुठे? एका वळणावर त्यांची गाडी थांबली. काटा लाल पट्टीत, बॉनेटमधून वाफ.

मे महिन्यातल्या सातपुड्याबद्दल एक गोष्ट बाहेरच्या लोकांना ठाऊकच नसते. तुम्ही मनात धरता की जंगल आहे म्हणजे सावली आहे. हे जंगल पानझडीचं आहे. मे महिन्यात साग नुसते खांब होऊन उभे असतात, खाली वाळक्या पानांचा थर, आणि त्यावर ऊन जसंच्या तसं पडतं. सावली द्यायला आंबा, मोह, जांभूळ, उंबर आणि वड. ही झाडं ओळखता येत नसतील तर उन्हाळ्यात या डोंगरात गाडीपासून लांब जाऊ नका.

तर त्या वळणावर सावली नव्हती. गाडीत बसवेना, बाहेर उभं राहवेना. नऊ वर्षांच्या भाचीचं डोकं आधीपासून दुखत होतं, आता तिला उलटी झाली. चेहरा लालबुंद, अंग घामाने ओलं. साडू रेडिएटरचं झाकण उघडायला गेले तेव्हा मी त्यांचा हात धरला. त्या घरात जावई झाल्यापासून मी त्यांना पहिल्यांदा अडवलं. गरम रेडिएटरचं झाकण उघडलं की उकळतं पाणी थेट तोंडावर येतं. इंजिन बंद करून अर्धा-पाऊण तास हात लावायचा नाही, मग जाड फडक्याने हळूहळू सैल करायचं. हे घाटात गाडी नेणाऱ्या प्रत्येकाला माहीत असलंच पाहिजे.

थोडं खाली एक पावरा आदिवासी कुटुंबाचं घर होतं, समोर मोठा आंबा. भाचीला मी उचलून तिथे नेलं. अंगणात कैऱ्यांच्या सोललेल्या फोडी वाळत घातल्या होत्या. धडगाव, अक्राणीकडे उन्हाळ्यात घरोघरी असं आमचूर करतात, अंगणं आणि खडक त्या फोडींनी पांढरे दिसतात. घरातल्या आजींनी आम्हाला काही विचारलं नाही. खाट आंब्याखाली ओढली, माठातलं पाणी आणलं, फडकं भिजवून पोरीच्या मानेवर, काखेत आणि कपाळावर ठेवलं. माझ्या बायकोने साखर-मिठाचं पाणी घोट घोट पाजलं. तासाभराने पोरगी उठून बसली आणि वाळत घातलेली फोड मागितली. ती तोंडात धरून बसलेली भाची मला आजही डोळ्यांसमोर दिसते. आजी तिच्या आईला मोडक्या मराठीत एवढंच म्हणाल्या, की दिवस डोक्यावर आल्यावर आम्हीसुद्धा डोंगर चढत नाही.

ती शुद्धीत होती, म्हणून ते तेवढ्यावर निभावलं. अंग तापलेलं लागलं आणि पोर असंबद्ध बोलायला लागलं किंवा गुंगीत गेलं, तर तो उष्माघात, मग घाम येत असो वा थांबलेला असो. तेव्हा तोंडातून काही पाजायचं नाही, अंग भिजवत, वारा घालत थेट दवाखाना गाठायचा. आणि त्या घाटातून शहादा काही जवळ नाही.

साडूंची गाडी त्या अंगणातच सोडली. ऊन उतरल्यावर माझ्या गाडीने दोन खेपा करून सगळ्यांना वर नेलं. दुसऱ्या दिवशी पहाटे मी आणि साडू खाली आलो. रेडिएटरमध्ये साधं पाणी भरलं, सहाला गाडी चालू केली. तीच गाडी, तोच घाट, वर त्याच बॅगा. सातपायरीची वळणं ती न कुरकुरता चढली, काटा निम्म्याच्या वर गेला नाही.

आता साडू आजतागायत म्हणतात की सर्व्हिसिंग नीट झालं नव्हतं, तुझी गाडी चढली, माझी नाही, म्हणजे दोष गाडीत होता. मग पहाटे ती गाडी कोणी दुरुस्त केली? पहाटे आम्ही दोघेच होतो आणि एसी बंद होता. पुण्या-मुंबईचा माणूस एसीच्या काचेतून उन्हाळा बघतो, म्हणून त्याला बाहेर पडण्याची वेळ ही मनाच्या सोयीची गोष्ट वाटते. इथे ती तशी नाही. आमचा शेतकरी मे महिन्यात पहाटे रानात जातो, दहाला घरी येतो, आणि पुन्हा पाचनंतर निघतो. तो आळशी आहे म्हणून नाही. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला अजिंठ्याचे डोंगर, मधल्या पट्टीत जळगाव समुद्रसपाटीपासून जेमतेम 200 मीटर उंचीवर. रब्बी निघाली की काळी जमीन उघडी पडते आणि दिवसभर तापते. पारा 45 च्या पुढे जातो. इथे राहणाऱ्यांनी हे पिढ्यान्‌पिढ्या अंगावर घेऊन दिवसाचं वेळापत्रक बसवलंय, आणि पाहुण्यांनी ते पाळलं पाहिजे.

तोरणमाळ वर कसं होतं, तेही सांगतो, कारण साडूंच्या गोष्टीत हा भाग कधी येत नाही. तोरणमाळची उंची साधारण 1,140 मीटर. हजार मीटर वर गेलं की हवा सुमारे साडेसहा अंशांनी उतरते, हा सर्वसाधारण हिशोब. म्हणजे शहाद्यात 43 असेल तर वर 37 च्या आसपास. हे काही महाबळेश्वर नव्हे, दुपारी तिथेही ऊन लागतं, आणि जो तुम्हाला मे महिन्यात भर दुपारी तिथे गारवा मिळेल असं सांगतो तो कधी गेलेला नाही. पण दिवस मावळला की यशवंत तलावावरून वारा सुटतो. त्या रात्री भाची तलावाच्या काठी बसून होती, दहाच्या सुमारास म्हणाली, थंडी वाजतेय. आम्ही गोधडी दिली. आखाजीच्या आठवड्यात खान्देशात गोधडी! सकाळी उन्हं यायच्या आत सीताखाईच्या कड्यावर गेलो. धबधबा कोरडा होता, उन्हाळ्यात असणारच, पण खाली दरीची खोली पाहून पोरं गप्प झाली. मग गोरखनाथाचं मंदिर, तलावाला अर्धी फेरी, आणि साडेनऊला सगळे सावलीत. दुपारभर पत्ते. आखाजीला पत्ते हवेतच. संध्याकाळी पुन्हा बाहेर.

म्हणून तुमच्या प्रश्नाला उत्तर: जळगावहून तोरणमाळ एका दिवसात करू नका. जाताना चार-पाच तास, येताना तेवढेच, आणि वर नेमकी दुपार वाट्याला येते. जे बघायचं ते संध्याकाळी आणि पहाटे असतं. एक मुक्काम करा, नाहीतर सोडून द्या. राहायची सोय आधी करून ठेवा, वर गेल्यावर शोधू असं म्हणू नका.

एका दिवसाचं म्हणाल तर पाल, रावेर तालुका. साडेचारला जळगाव सोडा, भुसावळ, फैजपूर, सावदा, खिरोदा करत उजाडता उजाडता डोंगरात. वाटेतलं फैजपूर म्हणजे 1936 साली काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन भरलं ते गाव, मुलं मोठी असतील तर सांगा. दोन्ही बाजूंना केळीच्या बागा, त्यांच्यामधून जाताना पहाटे हवा जाणवण्याइतकी गार लागते. पाल यावल अभयारण्याच्या परिसरात आहे, जवळच सुकी नदीवर गारबर्डीचं धरण. पाणी बघून, पाखरं बघून, दहापर्यंत एखादं मोठं झाड गाठा. चारनंतर परत निघा.

दक्षिणेला पाटणादेवी, चाळीसगावपासून जवळ, गौताळा अभयारण्यात. मंदिर जुनं, दगडी, आत गार. लीलावतीवाल्या भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी त्यांचा नातू चांगदेव याने इथे मठ काढला, त्याचा शके 1128 चा शिलालेख इथे सापडला. गणिताला कंटाळलेल्या पोराला हे सांगून बघा. वर पितळखोऱ्याची लेणी आहेत, पण खालून चढून जाण्याचं धाडस मे महिन्यात मुलांना घेऊन करू नका.

मनुदेवीचा धबधबा पावसाळ्यात बघा. देवीला जायचं असेल तर कधीही जा, पण मे महिन्यात पाण्याच्या आशेने गेलेली पोरं हिरमुसून परत येतात. उनपदेव म्हणजे गरम पाण्याचा झरा, तो थंडीत. अजिंठा जळगावहून साठेक किलोमीटर, सगळे सुचवतील, पण लेणी सकाळी नऊला उघडतात आणि वाघूर नदीच्या त्या नालाकृती कड्यात तोवर भट्टी पेटलेली असते. लेण्यांच्या आत गारवा आहे, एका लेण्यातून दुसऱ्याकडे जाताना नाही. ते डिसेंबरात करा, आणि सोमवार सोडून, तेव्हा बंद असतात.

काही गोष्टी वर राहून गेल्या. जंगलात विडी, शेगडी, चूल काही पेटवू नका, वाळक्या पानांना ठिणगी पुरते. पेट्रोल शहाद्यात किंवा सावद्याला भरून घ्या. पाणी माणशी चार लिटर धरा, त्याशिवाय गाडीसाठी पाच लिटरचा कॅन वेगळा. चाकांत हवा पहाटे तपासा, तापलेल्या चाकाचं माप फसवं असतं. मोबाईलला डोंगरात रेंज मिळेल असं धरून चालू नका. आणि चहा थर्मासमध्ये भरा, घरी पिऊन निघू असं म्हणणाऱ्याचं ऐकू नका, मग तो कितीही थोरला जावई असो.

तुमची धाकटी किती वर्षांची आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. पाचाच्या आत असेल तर तोरणमाळ या वर्षी राहू द्या, पालला जा. मोठी असेल तर कळवा, राणीपूरला सातच्या आत पोहोचायला जळगावहून किती वाजता निघायचं आणि कुठे कुठे थांबायचं ते सविस्तर लिहितो.