खडी घातलेली की निघालेली?

उन्हाळा सरताना गोव्यात दोन गोष्टींची घाई सुरू होते, आंबे संपवायची आणि रस्ते काळे करायची. या वेळी आलेली बहुतेक पत्रे दुसऱ्या घाईबद्दलची आहेत. माझी हयात रस्त्याच्या कामांवर गेली आणि निवृत्तीनंतरही मी स्कूटरच चालवतो, म्हणून संपादकांनी ती माझ्याकडे धाडली.

प्रश्न : काका, आमच्या वाड्यावरच्या रस्त्याचे हॉटमिक्स झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी कॉलेजला निघाले, वळणावर ब्रेक मारला आणि स्कूटर सरळ आडवी. कोपर सोलले. मदतीला आलेली माणसेच म्हणाली, ‘नव्या रस्त्यार खडी आसतलीच, हळू चलोवपाक जाय आसलें.’ खडी असतेच का? आणि अशा रस्त्यावर ब्रेक मारायचा तरी कसा?
— एक विद्यार्थिनी, फोंडा

उत्तर : बाय, आधी कोपराचे. जखमेत कच राहिली असेल तर ती डॉक्टरकडून काढून घे आणि धनुर्वाताचे इंजेक्शन शेवटचे कधी घेतलेस ते त्यांना सांग. वर कातडी धरली आणि आत कच राहिली, तर पुढे ती निळ्या-काळ्या ठिपक्यासारखी दिसत राहते.

शेजाऱ्यांचे म्हणणे अर्धे खरे. कुठल्या पद्धतीने काम झाले त्यावर ते अवलंबून आहे. हॉटमिक्समध्ये खडी आणि डांबर प्लांटवर साधारण १५० ते १६५ अंश सेल्सियसला घोळवतात, ट्रकवर ताडपत्री घालून माल आणतात, पेव्हरने पसरतात आणि लगोलग रोलर फिरवतात. माल ९० अंशांच्या खाली उतरायच्या आत रोलरचे काम उरकले पाहिजे. त्यानंतर रोलर कितीही घुमवा, खडी बसत नाही, उलट फुटते. ही पद्धत नीट झाली तर सुटी खडी राहायचे फारसे कारणच नाही. राहिलीच तर कडेला आणि जुन्या-नव्या रस्त्याच्या जोडाला, जिथे पेव्हर पोचत नाही आणि मजूर फावड्याने माल ओढतात.

दुसरी पद्धत जुनी, लहान रस्त्यांवरची. आधी २० मिलिमीटर जाडीची प्रीमिक्स कार्पेट, म्हणजे डांबरात घोळवलेल्या खडीचा पातळ थर, आणि तिच्यावर सील कोट. सील कोटच्या एका प्रकारात गरम डांबर फवारतात, त्यावर सहा-सात मिलिमीटरची बारीक खडी पसरतात आणि रोलरने दाबतात. ही खडी मुद्दाम थोडी सढळ हाताने टाकलेली असते, कारण कमी पडली तर उघडे डांबर रोलरला आणि चाकांना चिकटून उपटते. तेव्हा इथे पहिले काही दिवस खडी सुटी असणारच. मात्र जादा झालेली खडी झाडून उचलणे हा त्याच कामाचा भाग आहे. रोलर गेला म्हणजे काम संपले, असे ठेकेदाराचा मुकादम सांगतो. कागदावर तसे नसते.

तुझ्या रस्त्याचे काय झाले ते बघायला एक सोपी खूण आहे. वाकून खडीचा एक दाणा उचल. मी कुठल्याही नव्या रस्त्यावर गेलो की हेच करतो, बायकोला त्याची लाज वाटते. दाणा राखाडी, कोरडा, एखाद्याच बाजूला काळा डाग असलेला असेल, तर तो वरून घातलेला आणि न चिकटलेला. रस्ता झाडला की प्रश्न मिटला. दाणा चारही बाजूंनी काळाकुट्ट असेल, तर तो रस्त्याच्या अंगातून निघालेला आहे. माल थंड पडल्यावर पसरला, डांबरात काटकसर झाली किंवा रोलर पुरता फिरला नाही, यांपैकी काहीतरी घडले आहे. असा रस्ता रोज झाडा, रोज नवी खडी निघेल आणि जूनमध्ये तिथेच खड्डे पडतील. दाण्यावर पिठासारखी धूळ असेल तर तीही गोष्ट वाईटच. क्रशरची धूळ तशीच राहिलेल्या खडीवर डांबर घातले की ते धुळीला धरते, खडीला धरत नाही.

मला विचारशील तर राखाडी खडीने पडलीस तर झाडूचा दोष आणि काळ्या खडीने पडलीस तर रस्त्याचा. दोन्ही ठिकाणी तुझ्या वेगाची चर्चा नंतर.

आता ब्रेक. सुटी खडी पायाखालच्या साबुदाण्यासारखी लोळते, टायरला धरायला काही उरत नाही. स्कूटरची चाके लहान, त्यात वळताना गाडी कललेली. अशा वेळी पुढचा ब्रेक दाबला की पुढचे चाक बाजूला निसटते आणि सावरायला वेळच मिळत नाही. ‘डावा ब्रेक म्हणजे मागचा, तो मारला तर चालतो’ हे आपण सगळे शिकलो, पण एप्रिल २०१९पासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या दुचाकींना कॉम्बी ब्रेक किंवा एबीएस (चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) सक्तीचे आहे. कॉम्बी असलेल्या स्कूटरवर डावा लिव्हर दाबला की पुढचे चाकही थोडे धरले जाते. म्हणून वेग वळणाच्या आधी, स्वच्छ रस्त्यावर कमी करायचा. खडीवर पोचलीस की ताशी वीस-पंचवीसवर, गाडी सरळ ठेवून, ॲक्सिलरेटर एकसारखा धरून पार व्हायचे. ब्रेक लागलाच तर गाडी कललेली नसताना, हलक्या हाताने. मोटारींच्या चाकांनी झाडून गेलेल्या दोन पट्ट्या दिसतात, त्यातल्या एकीतून जा. खडी त्या दोहोंच्या मधे आणि वळणाच्या बाहेरच्या कडेला साठते, नेमकी तिथेच आपण दुचाकीवाले चालवतो.

राहिली जबाबदारी. काम चालू असलेल्या रस्त्यावर वाहतूक कशी सांभाळायची याची इंडियन रोड्स काँग्रेसची स्वतंत्र मार्गदर्शिका आहे, एसपी ५५. आधीपासून फलक, वेगाची मर्यादा, रात्री दिसतील असे अडथळे, सगळे तिच्यात आहे. सुट्या खडीसाठी तर वेगळे चिन्हही आहे : लाल त्रिकोणात मोटार आणि तिच्या चाकांमागून उडणारे खडे. गोव्यात ते कुठे लावलेले दिसले तर मला फोटो पाठव, मी संग्रही ठेवीन. रस्त्याचे बांधकाम किंवा देखभाल ठरलेल्या दर्जाची न केल्याने कुणाचा मृत्यू झाला किंवा अपंगत्व आले, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९८ए खाली संबंधित यंत्रणेला किंवा ठेकेदाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. हे कलम २०१९च्या दुरुस्तीने आले. सोललेल्या कोपराला ते लागू होत नाही, पण अर्जात त्याचा उल्लेख केला की साहेब चष्मा लावून वाचतात. त्या जागेचा, खडीचा आणि फलक नसल्याचा फोटो तारखेसह काढ, पालिकेत लेखी दे, पोच घे. रस्ता कुणाकडे आहे, ठेकेदाराने किती काळ फुकट दुरुस्त करून द्यायचा आहे, हे माहितीच्या अधिकारात विचारता येते. उत्तर ३० दिवसांत द्यावे लागते. आणि काळा दाणा सापडला तर तोही पिशवीत घालून जोड.

प्रश्न : मी मोटारसायकल पायलट आहे, पणजीत मागे गिऱ्हाईक बसवून भाडे मारतो. अल्तिनोच्या उतारावर रस्ता मशीनने खरवडून तसाच ठेवलेला होता. मागे गिऱ्हाईक बसलेले असताना हँडल आपोआप डोलते. हे कशाला करतात? आहे त्यावर डांबर घालायला काय होते?
— एक मोटारसायकल पायलट, पणजी

उत्तर : भाऊ, आहे त्यावरच डांबर घालत राहिलो म्हणून तर पणजीतल्या मळा या वस्तीसारख्या सखल भागात रस्ता वर आणि उंबरा खाली अशी गत होते. दर खेपेला दोन-चार सेंटिमीटर चढतात, काही वर्षांत रस्त्याचे पाणी घरात शिरायला लागते. म्हणून आधी जुना थर खरवडून काढायचा आणि मग तेवढाच नवा घालायचा, हे योग्यच. चूक असते ती खरवडून दिवसेंदिवस तसेच ठेवण्यात.

खरवडलेल्या रस्त्यावर लांबट खाचा असतात. पुढचे चाक त्यांच्या मागे जाऊ बघते, म्हणून हँडल डोलते. डोलू द्या. घट्ट धरून उलटा जोर लावलात तर डोलणे वाढते. मागच्या माणसाला सांगा की हलू नको आणि कुठे तरी धर. उतारावर गिअर खालचा ठेवा म्हणजे इंजिनच गाडी रोखते, ब्रेकवर भार कमी पडतो. खाचांच्या कडेने भुगा साठलेला असतो, तो ओला झाला तर अल्तिनोच्या वळणांवर फार वाईट.

अजून एक, जे पायलट लोकांना कुणी सांगत नाही. नवा थर घालण्याआधी इमल्शन, म्हणजे पाण्यात मिसळलेले डांबर, फवारतात, खालचा आणि वरचा थर जोडायला. ते फवारताना तपकिरी असते, मग त्यातले पाणी सुटते आणि ते काळे होते. तपकिरी दिसते तोवर त्यावर चाक घालायचे नाही. घसरते ते घसरतेच, शिवाय चाकाला लागून निघते आणि तिथला थर पुढे सुटतो. मजूर हात हलवून ओरडतो तो उगाच नव्हे.

प्रश्न : नव्या रस्त्यावर पुढच्या बसच्या चाकाखालून खडा उडाला आणि गाडीच्या पुढच्या काचेला वाटाण्याएवढा टिचा पडला. काच बदलावी का? विमा मिळेल का?
— एक वाचक, वास्को

उत्तर : पुढची काच दोन काचांमध्ये प्लास्टिकचा पापुद्रा घालून केलेली असते, त्यामुळे लहान टिचा बहुधा बाहेरच्या काचेतच राहतो. चालकाच्या नजरेसमोर नसेल आणि तडा पसरला नसेल तर रेझिन भरून काम होते. तोवर त्यावर पारदर्शक चिकटपट्टी लावा, आत धूळ-पाणी गेले तर रेझिन नीट धरत नाही. आणि उन्हात तापलेल्या गाडीत बसल्या बसल्या एसी पूर्ण सोडू नका, टिच्याचा तडा व्हायला तेवढे पुरते. विमा सर्वसमावेशक असेल तर काच मिळते, काचेवर घसाराही कापत नाहीत. पण एक दावा केला की नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सवलत, जातो, तो २० टक्क्यांपासून ५० टक्क्यांपर्यंत असतो. रेझिनचे बिल आणि बोनस शेजारी शेजारी लिहून बघा, बहुतेकदा खिशातून दिलेले परवडते.

प्रश्न : दर चवथीच्या तोंडावर आमच्या रस्त्यावरच्या खड्ड्यांत खडी आणि माती टाकून जातात. दुसऱ्या दिवशी खडी सगळ्या रस्त्यावर आणि खड्डा होता तसाच. याला उपाय?
— एक गृहिणी, मडगाव

उत्तर : ताई, गोव्यात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. ओल्या खड्ड्यात गरम डांबर धरत नाही, म्हणून त्या दिवसांत खडी टाकून वेळ मारून नेतात. मातीत घट्ट बसायचा गुण नाही, पाण्यात तिचा चिखल होतो आणि खडी मोकळी. निदान मातीऐवजी मोठी, बारीक आणि कच अशी मिश्र खडी घालून ठोकली तर ती काही आठवडे टिकते. जेट पॅचर नावाचे यंत्र याहून बरे : खड्डा हवेने साफ करते, इमल्शन फवारते आणि मग इमल्शनमध्ये भिजलेली खडी जोराने मारते. शेवटी वर कोरडी खडी मारतात, ती मात्र दोन दिवस सुटी असते. तेवढे सांभाळून चालवा.

प्रश्न : दुकानासमोरची खडी आम्ही रोज झाडून गटारात लोटतो. पालिकेचा माणूस ओरडला. रस्ता साफ करणे गुन्हा आहे का?
— एक दुकानदार, म्हापसा

उत्तर : तो माणूस बरोबर आहे. खडी पाण्याबरोबर वाहून जात नाही, गटाराच्या तळाला बसते आणि तिच्यावर गाळ साचतो. पहिल्या मोठ्या पावसात ते पाणी तुमच्याच दुकानात येईल. झाडा जरूर, पण सिमेंटच्या रिकाम्या पोत्यात भरून दुकानाच्या कडेला ठेवा. काम चालू आहे तोवर ठेकेदाराचा ट्रक रोज तिथून जातो, मुकादमाला हाक मारून ते पोते त्याच्या ताब्यात द्या. नेले नाही तर अंगणात चिखल होतो त्या जागी पसरा, बारीक खडीला तिथे कामच काम आहे.