मुलं शाळेत गेली, तरी काम का होत नाही?

या वेळचा प्रश्न इंग्लंडमधून आलाय, रेडिंगजवळ राहणाऱ्या एका आईचा. थोरली इयर थ्रीमध्ये, म्हणजे सात-आठ वर्षांची, धाकटा या सप्टेंबरपासून रिसेप्शनला, म्हणजे शाळेच्या अगदी पहिल्या वर्गाला. ती घरून अकाउंट्सचं काम करते, पूर्ण वेळ, आणि नवरा आठवड्यातले तीन दिवस लंडनला ऑफिसला जातो. तिचं म्हणणं थोडक्यात असं: "सगळा ऑगस्ट मी म्हणत होते की शाळा सुरू झाली की सगळं मार्गी लागेल. आता शाळा सुरू झालीये, आणि दुपारी पिकअपला निघताना बघते तर मशीनचे कपडे वाळत घालून झालेत, भाजी झालीये, आईशी बोलून झालंय, ग्रोसरीची ऑर्डर गेलीये आणि लॅपटॉपवर सकाळी उघडलेली फाइल तशीच आहे. माझ्यातच शिस्त नाहीये का?"

ताई, शिस्तीचं नंतर बघू, आधी हिशोब करू, तुम्ही तर हिशोबवाल्याच आहात. इंग्लंडमध्ये सरकारी शाळांचा आठवडा साधारण साडेबत्तीस तासांचा असावा अशी अपेक्षा आहे, म्हणजे दिवसाला साडेसहा तास. पावणेनऊला सोडलं, गेटवर दोन जणींशी बोललात, चालत घरी आलात की नऊ वाजून गेले. सव्वातीनला सुटते म्हणजे तीनला पाच कमी असताना चपला घालायच्या. जेवण आणि चहाचा अर्धा तास काढा. उरले सव्वापाच तास. आणि नोकरी साडेसात तासांची! ती त्यात बसणार कशी? नाहीच बसणार, कोणाचीच बसत नाही. त्यात रिसेप्शनच्या मुलांना बऱ्याच शाळा सुरुवातीला अर्धाच दिवस ठेवतात, तेव्हा तर बोलायलाच नको.

त्यामुळे प्रश्न दोन आहेत, हे सव्वापाच तास घराने खाऊ नयेत म्हणून काय करायचं आणि वरचे सव्वादोन तास कुठून आणायचे.

पहिल्याचं उत्तर माझ्या मते एकच आहे, शाळेच्या गेटवरून थेट टेबलावर. मध्ये स्वयंपाकघर नाही. सिंकमधल्या दुधाच्या वाट्या तिथेच राहू देत, बेड आवरायचे नाहीत, 'जाता जाता मशीन लावते' हेही नाही, कारण लावलेलं मशीन तासाभराने हाक मारतं आणि मग तुम्ही कपडे घेऊन उभ्या. मशीन रात्री लावा, कपडे सकाळी मुलांचे बूट शोधताना घाला वाळत, किंवा नवऱ्याला घालू दे. डोकं ताजं असतं ते सव्वानऊ ते साडेअकरा, तेवढ्यात डोक्याचं काम, म्हणजे तुमचं ते रिकन्सिलिएशन वगैरे जे असेल ते. ईमेल आणि टीम्सवरचे मेसेज जेवणानंतर, तेव्हा तसंही डोळ्यांवर झापड असते. निघण्याआधी पाच मिनिटं राखून उद्या सकाळी कुठून सुरू करायचं ते एका ओळीत लिहून ठेवा, नाहीतर उद्याचा पहिला अर्धा तास 'मी कुठे होते' यात जातो.

आणि भाजी-पोळीबद्दल. भाजी आदल्या संध्याकाळी दुप्पट करा, डाळीचा कुकर संध्याकाळी मुलं खेळत असताना लागतो. पोळ्या रोज ताज्याच हव्यात हा हट्ट सोडा. आठवड्यातून दोनदा फ्रोझन पराठे चालतात, फक्त सासूबाईंना व्हिडिओ कॉलवर पाकीट दिसणार नाही एवढं बघा :)

आता आईचा फोन. आत्ता भारत आपल्यापुढे साडेचार तास आहे. दुपारची झोप झाली, चार वाजता चहाचा कप हातात आला की आईला लेकीची आठवण येते आणि इथे तेव्हा साडेअकरा वाजलेले असतात, म्हणजे बरोबर कामाच्या मध्यावर. तिला वाटतं मुलं शाळेत म्हणजे लेक मोकळी, आणि तुम्हालाही फोन कट करवत नाही. तर मुलांना सोडून परत येताना तुम्हीच लावा फोन, तिथे दीड वाजत आलेला असतो, जेवण चाललेलं असतं किंवा झालेलं असतं. रोज दहा-पंधरा मिनिटं चालता चालता. आठवड्यात एकदा तासभर बोलण्यापेक्षा आयांना हे जास्त आवडतं असं मी तरी पाहिलंय. आणि साडेअकराचा आला तर उचलायचा नाही, "उद्या सकाळी करते" एवढा मेसेज.

ज्यांची टीम पुण्यात आहे त्यांच्यासाठी एक जास्तीचं सांगते. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी इथलं घड्याळ एक तास मागे जातं आणि फरक साडेपाच तासांचा होतो. भारतीय वेळेने दोनला ठरलेली मीटिंग आत्ता इथे साडेनऊला असते, छान जमते, पण तेव्हापासून ती साडेआठला येईल, म्हणजे एका हातात मुलाची ढकलायची स्कूटर, दुसऱ्या हातात डबा आणि कानात मॅनेजर. आत्ताच सांगून ठेवा की हिवाळ्यात ती भारतीय वेळेने तीनला करा. तेव्हा सांगितलंत तर सगळ्यांची कॅलेंडरं भरलेली असतात.

'घरीच आहेस ना' वाली मंडळी हा वेगळाच विषय. पार्सल घेशील का, प्लंबर येणार आहे बघशील का, आणि गणपती, नवरात्र, दिवाळी हे सगळं या एकाच टर्मच्या आगेमागे येत असल्यामुळे मंडळाच्या जेवणाची यादी, हॉलवाल्याला फोन, मुलांच्या डान्सचे कपडे, हे सगळं घरून काम करणाऱ्या बायकांकडेच का येतं हे मला आजवर कळलेलं नाही. एक काम घ्या, संध्याकाळी होणारं घ्या, बाकीला नाही म्हणा. पण पिकअपची अदलाबदल मात्र जरूर करा. मंगळवारी शाळेतली एखादी मैत्रीण दोघींची मुलं आणेल, गुरुवारी तुम्ही. एक दुपार साडेचार-पाचपर्यंत मोकळी मिळाली तरी आठवडा वेगळा वाटतो.

आता ते वरचे सव्वादोन तास. नवरा तीन दिवस लंडनला म्हणजे दोन दिवस घरी आहे. त्या दोन दिवशी सोडणं आणि आणणं दोन्ही त्याचं, आणि त्यात 'मी आज तुला मदत करतो' असा सूर नको. त्याच्या मीटिंगा आड येत असतील तर त्याने ऑफिसला लेखी विचारावं. 6 एप्रिल 2024 पासून इथे नोकरीच्या पहिल्या दिवसापासून फ्लेक्सिबल वर्किंगची, म्हणजे कामाच्या वेळा किंवा जागा बदलून मिळण्याची, विनंती करता येते, वर्षात दोनदा, आणि कंपनीला दोन महिन्यांत निर्णय द्यावा लागतो. हो म्हणतीलच असं नाही, पण विचारायचा हक्क आहे आणि तो फक्त आयांचा नाहीये. तुम्हीही विचारा, उदा. तीन ते साडेचार ब्लॉक आणि त्याबदल्यात सकाळी सात ते आठ, नवरा घरी असेल तेव्हा.

बाकीच्या दिवसांत एक-दोन दुपार आफ्टर स्कूल क्लब लावा, म्हणजे शाळा सुटल्यावरही मुलं तिथे सांभाळली जातात. पैसे जातात, मान्य आहे. टॅक्स फ्री चाइल्डकेअर या मुलं सांभाळण्याच्या खर्चासाठीच्या सरकारी योजनेत तुम्ही 8 पाउंड भरले की सरकार 2 घालतं, एका मुलामागे वर्षाला 2000 पाउंडपर्यंत, दोघंही कमावते असावे लागतात आणि क्लब त्या योजनेत असावा लागतो. पण व्हिसा बघून घ्या! बऱ्याच जणांच्या वर्क व्हिसावर 'पब्लिक फंड्स नाहीत', म्हणजे सरकारी आर्थिक मदत घेता येणार नाही, अशी अट असते, आणि दोघांपैकी एकाकडे तरी ब्रिटिश किंवा आयरिश नागरिकत्व, सेटल्ड किंवा प्री-सेटल्ड स्टेटस किंवा पब्लिक फंड्सची परवानगी नसेल तर ही योजना मिळत नाही. मैत्रिणीला मिळते म्हणून अर्ज करून बसू नका.

संध्याकाळी मुलं आल्यावर पाऊण तास लॅपटॉप बंद म्हणजे बंद. भुकेली असतात, दमलेली असतात, रिसेप्शनवाला तर दारातच रडायला लागेल. थालीपीठ, केळं, काय असेल ते, आणि शाळेतून आलेलं रीडिंगचं पुस्तक तेव्हाच वाचून टाका. अर्धं लक्ष स्क्रीनवर ठेवून ना काम होतं ना मुलं गप्प बसतात. राहिलेलं काम रात्री, पण आठवड्यातून दोनच रात्री, रोजची सवय लावलीत तर दिवस आपोआप सैल होतो, की रात्री करूच.

अजून एक, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मूल आजारी आहे म्हणून शाळेतून फोन येणारच. उलटी किंवा जुलाब झाले तर शेवटच्या वेळेनंतर 48 तास शाळेत पाठवता येत नाही, म्हणजे एका उलटीला दोन दिवस गेले. त्या दिवशी कोणाचं काम थांबणार हे आधीच ठरवा, सकाळी तुझा नंबर, दुपारी माझा. डेडलाइन शुक्रवारची असेल तर मनातल्या मनात बुधवारची धरा.

आणि मुळात शाळा वर्षात 190 दिवसच असते. सुट्ट्या जवळजवळ 13 आठवड्यांच्या. कायद्याने मिळणारी रजा बँक हॉलिडे धरून प्रत्येकी 5.6 आठवडे, म्हणजे दोघांनी आलटूनपालटून घेतली, एकही दिवस एकत्र घालवला नाही, तरी 13 भरत नाहीत, आणि त्यातच भारतात जाऊन यायचंय. वर इनसेट डे, वर्षाला पाच, शाळा बंद आणि शिक्षक आत, ते तर कधी येऊन जातात कळत नाही. या रविवारी शाळेच्या वेबसाइटवरून वर्षभराच्या तारखा काढा, दोघांच्या कॅलेंडरमध्ये टाका आणि ऑक्टोबरच्या हाफ टर्मचा, म्हणजे टर्मच्या मधल्या सुट्टीतला, मुलांचा कॅम्प बुक करून टाका, चांगले स्वस्त कॅम्प लवकर भरतात.