मी कोल्हापुरात माध्यमिक शाळेत शिक्षक आहे. मला शाळा-नेतृत्व आणि समावेशक शिक्षण (दिव्यांग मुलांना सगळ्यांबरोबर एकाच वर्गात शिकवणं) या विषयांत रस आहे. शिक्षणशास्त्राचा प्राध्यापक व्हायला विशेष बी.एड. (दिव्यांग मुलांना शिकवण्यासाठीचं बी.एड.) लागतं का?

नाही, लागत नाही. तुम्ही कोल्हापुरात माध्यमिक शाळेवर आहात, म्हणजे साधं बी.एड. आहेच, आता विषयातली पदव्युत्तर पदवी आणि एम.एड., दोन्हींत ५५ टक्के, शिवाय शिक्षणशास्त्रात नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा, नाहीतर पीएच.डी. हवी. एनसीटीई (शिक्षक-प्रशिक्षणाची राष्ट्रीय परिषद) हिच्या २०१४ च्या आणि यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) याच्या २०१८ च्या नियमांत हे आहे. शाळा-नेतृत्व आणि समावेशक शिक्षण हे दोन वेगळे विषय समजू नका. व्हीलचेअरवरच्या मुलासाठी नववीचा अख्खा वर्ग तळमजल्यावर आणायचा, तर निर्णय मुख्याध्यापकांचाच असतो. असे अनुभव आजपासून टिपून ठेवा, संशोधनाचा विषय त्यातूनच सापडेल. दिव्यांग मुलांचे विशेष शिक्षक म्हणून काम करायचं असेल तर मात्र भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागतेच.