हनुवटीवरचे काळे ठिपके आणि स्वच्छतेचा हट्ट

जळगाव, भुसावळ, अमळनेर या भागांतून माझ्याकडे येणाऱ्या लोकांच्या बोलण्यात अलीकडे घरातले मांजर वारंवार येऊ लागले आहे. येण्याचे कारण बहुधा वेगळे असते. झोप लागत नाही, सुनेशी पटत नाही किंवा हात सारखे धुवावेसे वाटतात, अशा तक्रारीने सुरुवात होते आणि दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत मांजराचा विषय निघतो. प्रश्न मात्र जवळपास त्याच शब्दांत विचारला जातो: "तिच्या हनुवटीवर काळे ठिपके आले आहेत, घरात लहान मूल आहे, त्याला लागेल का?" या प्रश्नाचा एक भाग पशुवैद्याचा आहे आणि दुसरा माझा आहे. पहिल्या भागाचे उत्तर मिळाल्याशिवाय मी दुसऱ्याला हात घालत नाही, कारण खऱ्या आजाराला मनाचा खेळ ठरवणे ही समुपदेशनातली अक्षम्य घाई आहे.

वसुधाबाई (नाव बदलले आहे) निवृत्त शिक्षिका. अमळनेरजवळच्या गावात त्यांचे जुने धाब्याचे घर आहे. मुलगा, सून आणि तीन वर्षांचा नातू त्यांच्यासोबत राहतात. सोनी ही मांजर त्यांच्या यजमानांनी पिल्लू असताना आणलेली होती. यजमान गेल्यानंतर ती बाईंच्याच खोलीत झोपू लागली. एके दिवशी सुनेच्या लक्षात आले की मांजरीच्या खालच्या ओठाच्या कडेला आणि हनुवटीवर मिरपूड भुरभुरावी तसे काळे कण चिकटले आहेत. मुलगा सहज म्हणाला, "आई, तापीपल्याड सोडून येऊ का तिला?" त्या दिवसापासून बाईंनी कापूस हातात घेतला.

त्यांनी काय काय लावले, ते विचारल्यावर यादीच निघाली. खोबरेल तेलात हळद, तुरटीचे पाणी, फरशी पुसायच्या जंतुनाशकाचे पातळ केलेले पाणी आणि शेवटी मेडिकलमधून आणलेले, तीन औषधे एकत्र असलेले खाजेचे मलम. आधी नुसते ठिपके असलेली हनुवटी या उपचारांनंतर लाल झाली, केस विरळ झाले आणि दोन ठिकाणी पुटकुळ्या फुटल्या. म्हणजे मूळ आजारापेक्षा उपचारानेच जास्त नुकसान झाले होते. आमच्याकडे येणाऱ्या अशा बहुतेक घरांत हाच क्रम मला दिसतो.

पहिल्याच भेटीत मी एकच अट घातली: आधी पशुवैद्य, मग मी. "तिथं सगळे गाई-बैल घेऊन उभे असतात, ताई. मी मांजर घेऊन जाऊ? लोक हसतील," असे त्या म्हणाल्या. हा संकोच खानदेशात मी नेहमी ऐकते. ज्या मुलखात जनावर म्हणजे बैल, म्हैस आणि शेळी, तिथे टोपलीत मांजर घेऊन रांगेत उभे राहायला लोकांना खरोखरच लाज वाटते. तरी त्या गेल्या. डॉक्टरांनी त्वचेचा खरवडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, केसांचे नमुने बुरशीच्या तपासणीसाठी घेतले आणि तोंड उघडून दातही पाहिले.

वाचकांना येथे पशुवैद्यकाची बाजू सांगणे आवश्यक आहे. मांजराच्या हनुवटीखाली तेलकट स्राव तयार करणाऱ्या मोठ्या ग्रंथींचा समूह असतो. मांजर दाराच्या कडेला, खाटेच्या पायाला, आपल्या पायांना हनुवटी घासते, तेव्हा ती याच ग्रंथींतून आपला गंध तेथे ठेवत असते. केसाच्या मुळाशी मृत त्वचा आणि हा तेलकट स्राव साचला की छिद्र बुजते आणि त्याचे काळे टोक बाहेरून दिसते. यालाच मांजराच्या हनुवटीची मुरुमे म्हणतात. हा प्रकार कोणत्याही वयाच्या, जातीच्या, नर किंवा मादी मांजराला होऊ शकतो. त्याचे एकच ठाम कारण पशुवैद्यकात निश्चित झालेले नाही. चरे पडलेल्या प्लास्टिकच्या भांड्यांत जंतू साचतात म्हणून भांडे बदलायला सांगतात, आणि ते स्वस्त व निर्धोक असल्याने करावेच. काही मांजरांना हे आयुष्यात एकदा होते, काहींना अधूनमधून होते, तर काहींना ते कायम थोडेफार राहते. नुसते ठिपके असतील तर मांजराला बहुधा काहीच त्रास होत नाही आणि ते एका मांजरापासून दुसऱ्याला किंवा माणसाला लागत नाहीत.

मात्र हनुवटीवरचे सगळेच मुरुम नसते. गजकर्णाची बुरशी हनुवटीवरही येते. त्यात केस तुटतात, कोंडा सुटतो, गोलसर टक्कल पडते, कानांवर आणि पंजांवरही चट्टे दिसतात. आणि ती मुलांना खरोखरच लागते. विशिष्ट जांभळ्या दिव्याखाली काही बुरशी हिरवट चमकते, पण सगळी चमकत नाही, म्हणून नमुना वाढवून पाहावा लागतो आणि त्याला दोन-तीन आठवडे जाऊ शकतात. कधी त्वचेतले सूक्ष्म किडे किंवा अन्नाची अॅलर्जी कारण असते. हनुवटी टणक सुजली असेल, तर दाताच्या गळवापासून निराळ्याच त्वचाविकारापर्यंत अनेक शक्यता तपासाव्या लागतात. म्हाताऱ्या मांजराची न भरणारी जखम तर लांबणीवर टाकूच नये. पिसवांची विष्ठाही काळ्या कणांसारखी दिसते. ते कण ओल्या पांढऱ्या कापसावर दाबले आणि भोवती तांबूस डाग पसरला, तर ते पिसवांनी पचवलेले रक्त आहे असे समजावे. मुरुमाचा रंग असा उतरत नाही. पिसवांवर औषध आणताना ते मांजरासाठीचेच आहे याची खात्री करावी, कारण कुत्र्यांच्या काही औषधांतले परमेथ्रिन हे कीटकनाशक मांजराला विषारी असते.

सोनीचा खरवडा स्वच्छ आला आणि पुढे बुरशीचा अहवालही नकारार्थी आला. डॉक्टरांनी मलम बंद करायला सांगितले. त्यात स्टेरॉइड होते. गजकर्ण असते तर लालसरपणा वरवर दबून बुरशी आत पसरली असती. जंतुनाशकही बंद झाले, कारण फिनॉल वर्गातली रसायने मांजराच्या यकृताला नीट निकामी करता येत नाहीत आणि मांजर अंगाला लावलेले सगळे चाटून पोटात घालते. तेल बुजलेली छिद्रे आणखी बुजवते, त्यामुळे तेही बंद झाले. माणसांच्या मुरुमांवरची सॅलिसिलिक अॅसिडची मलमे आणि टी ट्री तेल हीदेखील मांजराला घातक असतात. दुखते म्हणून पॅरासिटामॉल देणारेही मला भेटले आहेत. 500 मिलिग्रॅमची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते, हे प्रत्येक घरात ठाऊक असायला हवे. बाईंना मिळालेला उपचार अगदी साधा होता. कोमट पाण्यात भिजवलेला कापूस काही मिनिटे हलकेच टेकवायचा, डॉक्टरांनी दिलेल्या क्लोरहेक्सिडिन या सौम्य जंतुनाशकाने पुसायचे, फुटलेल्या पुटकुळ्यांवर त्यांनी लिहून दिलेले प्रतिजैविक मलम लावायचे, काहीही पिळायचे नाही आणि काही आठवडे वाट पाहायची. संसर्ग खोल गेला असता तर पोटातून औषध द्यावे लागले असते.

खरे तर विषय येथेच संपायला हवा होता. तो संपला नाही, आणि माझे काम येथूनच सुरू झाले. "अहवाल आला, लागण नाही, मग आता काय अडचण आहे?" असे मी विचारले. बाई म्हणाल्या, "पण ठिपके आहेत ना अजून." त्या दिवसभरात भिंग घेऊन कितीतरी वेळा मांजरीची हनुवटी पाहत होत्या. कापूस दिसला की सोनी कणगीमागे पळू लागली होती.

मी मानसशास्त्रात विवेकनिष्ठ विचारपद्धतीला मानणारी आहे. अल्बर्ट एलिस या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने 1955च्या सुमारास मांडलेल्या या विचाराचा गाभा असा, की माणसाला घटना अस्वस्थ करत नाही, घटनेकडे पाहताना त्याने धरलेला हट्ट अस्वस्थ करतो. म्हणून ठिपक्यांविषयी बोलणे मी थांबवले आणि विचारले, "बाई, हे ठिपके कधीच पूर्ण गेले नाहीत, तर नेमके काय बिघडेल?"

"नातवाला..."

"ते तपासून झाले. नातू बाजूला ठेवू. आता काय बिघडेल?"

बऱ्याच वेळाने त्या बोलल्या. "वर्गातल्या पोरांची नखं तपासायची मी. गावात सगळे म्हणायचे, बाईंचं घर आरशासारखं. आता सून रोज त्या मांजरीची हनुवटी बघते. तिला वाटत असेल, आयुष्यभर दुसऱ्यांना स्वच्छता शिकवली आणि स्वतःच्या मांडीवरचं मांजर घाण."

त्या कापसाने नेमके काय पुसत होत्या, हे तेव्हा माझ्या लक्षात आले. आजाराची भीती ही वरची पायरी होती. तिच्याखाली स्वतःच्या शिस्तीवर आलेला डाग होता. पुढे मी अशा अनेक घरांत हेच पाहिले आहे आणि आता तर मी तो प्रश्न लवकरच विचारते. मी त्यांना सांगितले, की हा मळ नाही. तो बाहेरून बसलेला नाही, त्वचेतच तयार झालेला आहे. त्यामुळे घासण्याने तो निघत नाही, फक्त त्वचा सोलते, आणि सोललेल्या त्वचेत जंतू शिरतात. मांजर घाणेरडी आहे किंवा मालकीण आळशी आहे, यांपैकी कशाचाही तो पुरावा नाही.

बाई शिक्षिका होत्या, त्यामुळे पुढचा धागा त्यांनी स्वतःच पकडला. "आमच्या मधल्या दाराच्या चौकटीवर वीतभर उंचीवर एक तेलकट काळा पट्टा पडतो. मी तो रोज फिनेलने पुसते आणि ती रोज तिथंच येऊन हनुवटी घासते. मला वाटायचं, मुद्दाम करते." मी म्हटले, "तुम्ही तिचा गंध पुसता, म्हणून ती तो पुन्हा ठेवते." त्या इतक्या मोकळेपणाने हसल्या की बाहेर बसलेला मुलगा दार ढकलून आत डोकावला. समुपदेशकाच्या वाट्याला असे क्षण फार येत नाहीत, आणि त्या दिवशी मला समाधान वाटले हे लपवण्यात अर्थ नाही.

त्यानंतर आम्ही ठरवलेल्या गोष्टी थोड्याच होत्या. भिंग कपाटात गेले. हनुवटी पाहायची ती औषध लावण्याच्या वेळीच. चौकटीवर फिनेल बंद करून आठवड्यातून एकदा साधे ओले फडके फिरवायचे. सोनीचे जेवण श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यातून स्टीलच्या पसरट ताटलीत आले आणि ती ताटली रोज घासली जाऊ लागली; बाईंच्या स्वच्छतेला तिची योग्य जागा मिळाली, असे मी त्यांना म्हटले. "ठिपके गेलेच पाहिजेत" याऐवजी "गेले तर बरे, राहिले तर सांभाळू" हे वाक्य त्यांनी शाळेतल्या सवयीने वहीत लिहून घेतले. सुनेशी मी वेगळे बोलले. तिच्या मनात सासूच्या स्वच्छतेचा विचारही नव्हता. तिला फक्त मुलाची काळजी होती आणि अहवाल दाखवल्यावर तीही मिटली. तापीपल्याडचा विषय मुलाने पुन्हा काढला नाही.

पुटकुळ्या भरल्या आणि केस आले. काही महिन्यांनी बाईंचा फोन आला, की चार-पाच ठिपके परत दिसत आहेत. "मग काय केले?" असे मी विचारले. "डॉक्टरांनी सांगितलेला कापूस आठवड्यातून दोनदा. बाकी काही नाही. सूज नाही, पू नाही, जेवते नीट." या उत्तरात काळजी होती, पण चिंता नव्हती.

अशी शंका असणाऱ्यांनी पशुवैद्याकडे जाताना दोन गोष्टी सांभाळाव्यात. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात मांजर दुपारी बाहेर काढू नये. सकाळी लवकर, हवा खेळेल अशा झाकणाच्या टोपलीत, तिच्या ओळखीच्या कापडावर ठेवून न्यावे. आणि तपासणीपूर्वी हनुवटी धुऊ नये किंवा तिच्यावर काही लावू नये, कारण पाहुण्यांपुढे नेल्यासारखे पुसून-चोपडून नेलेल्या मांजराच्या नमुन्यात डॉक्टरांना हवे ते सापडत नाही. आधी काही लावले असेल, तर त्याची नळी किंवा बाटली सोबत न्यावी आणि संकोच न करता दाखवावी.