फ्रेमच्या पोटातला गंज

जुनी स्टीलची सायकल घेतलीस, झकास केलंस. पण तू रंग शोधतोयस आणि फ्रेम सडते ती आतून. सीट पिलरच्या, म्हणजे सीटखालच्या दांड्याच्या, फटीतून पाणी शिरतं, नळीतून उतरतं आणि बीबीत, म्हणजे पायडलच्या एक्सलच्या घरात, साचून बसतं. माझी पहिली सायकल उलटी केली तेव्हा पेलाभर विटकरी पाणी निघालं. आमच्या लातुरात पाऊस तो केवढा! ते पावसाचं नव्हतंच. मीच दर रविवारी प्रेशरने धुऊन आणायचो.

सुरुवातीला एवढंच कर:

- बीबीच्या तळाला भोक असेल तर तारेने मोकळं कर. नसेल तर लगेच ड्रिल घेऊन बसू नकोस, जाणत्या मिस्त्रीला दाखव.
- पिलर काढून सायकल उलटी टांग, दोन दिवस वाळू दे. मे महिन्यातलं आपलं ऊन कधी कामाला यायचं?
- मिस्त्रीकडून बीबीतला एक्सल काढून घे. आतून गंज धरू नये म्हणून नळ्यांत थोडं डबल बॉइल्ड लिनसीड (जवसाचं) तेल सोड, फ्रेम सगळीकडून फिरव, जादा निथळू दे. रंगाच्या दुकानात मिळतं. खायचं जवसाचं तेल नको, ते फार हळू सुकतं. सुकल्यावर भोक पुन्हा बघ, बुजलेलं असतं.

तेलाची फडकी मात्र बोळा करून कोपऱ्यात टाकू नकोस. ती आपोआप तापून पेट घेतात, त्यात आपला उन्हाळा. पाण्यात बुडव, नाहीतर बाहेर एकेक पसरून वाळव.

पिलर परत बसवताना ग्रीस लाव. गंजासाठी आतून मारायचे मेणाचे स्प्रे वगैरे पुढच्या वर्षी बघू.